नाट्यगृहांच्या रिकाम्या सकाळी आम्हाला द्या

प्रति,
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच राज्यात नाट्यगृहे चालवणाऱ्या सर्व महानगरपालिका व नगरपरिषदा

सप्रेम नमस्कार.

मी कल्याणला राहते आणि नाटकांसाठी व्हिडिओ करते. रंगमंचावर मागे जो पडदा किंवा एलईडी वॉल, म्हणजे बारीक दिव्यांच्या पॅनेलांची चित्रं दाखवणारी भिंत, लावलेली असते, तिच्यावर काय दिसावं, कधी दिसावं आणि कधी तिने अगदी गप्प राहावं, हे ठरवणं माझं काम. या कामावर घर चालत नाही. घर चालतं ते लग्नाच्या रिसेप्शनच्या, प्रचारसभेच्या आणि गणपतीच्या वॉलवर. त्यामुळे तीच यंत्रं मी मैदानातही हाताळते आणि रंगमंचावरही, आणि दोन्हीकडे ती किती वेगळी वागतात ते पाहत आले आहे.

हे पत्र अनुदानासाठी नाही. आपल्या ताब्यातल्या नाट्यगृहांमध्ये आठवड्याच्या मधल्या दिवशी ज्या सकाळी कुलूप असतं, त्या सकाळी मागण्यासाठी आहे. का मागते आहे, ते नीट सांगायचं तर एका नाटकाची हकिगत सांगावी लागेल.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोन पात्रांचं एक नाटक उभं केलं. रात्रीचं अंगण, आई आणि मुलगा, मागे आभाळ. आभाळ दाखवायला सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच वॉल घेतली, म्हणजे पन्नास सेंटिमीटरची बहात्तर पॅनेलं, एकेक सात-आठ किलोचं. चारचा प्रयोग, हॉल ताब्यात मिळाला एक वाजता. ट्रस, म्हणजे वॉल टांगायचा धातूचा सांगाडा, उभा करून, पॅनेलं जोडून, केबली ओढून वॉल पेटली तेव्हा पावणेचार वाजत आले होते. घरी लॅपटॉपवर मी तीन आठवडे ज्या आभाळावर काम केलं होतं, ते पहिल्यांदा खऱ्या आकारात पाहिलं आणि पोटात गोळा आला. आभाळ झगझगत होतं आणि त्याच्यापुढे उभी असलेली आई म्हणजे नुसती काळी आकृती. तिचा चेहराच दिसेना. मी वॉलचा उजेड सहा टक्क्यांवर आणला, तर आभाळाच्या पायऱ्या झाल्या. निळ्यातून काळ्यात अलगद उतरणारा रंग तुटून पट्टे दिसू लागले.

याचं कारण मला आज पाठ आहे. अशा वॉलमधला एलईडीचा दिवा खरं तर मंद होत नसतो. तो डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने उघडझाप करतो, आणि मंद करायचं म्हणजे त्याचा पेटण्याचा काळ कमी करायचा. तो फार कमी केला की मधल्या छटांना जागाच उरत नाही. भाड्याने मिळणारी वॉल ही भर दुपारी मैदानात नेत्याचा चेहरा दिसावा म्हणून बनवलेली असते. तिला उजेड चांगला येतो. नाटकाला लागतो तो अंधार तिला शिकवावा लागतो, आणि शिकवायला तास लागतात. हे सगळं त्या पावणेचारला माझ्या हातात नव्हतं.

पहिले दोन प्रयोग आम्ही तसेच केले. तिकीट काढून आलेल्या माणसांनी आमचं अर्धवट काम पाहिलं, याची बोच मला अजून आहे. तिसऱ्या प्रयोगाला एका वेगळ्या नाट्यगृहात गेलो. तिथले रंगमंचामागे काम करणारे एक जुने गृहस्थ, निवृत्तीला आलेले, विंगेत उभे राहून माझी धडपड पाहत होते. मध्यंतरात ते म्हणाले, "बाई, पुढे काळी नेट सोडून बघा. पौराणिक नाटकात देव प्रकट करायला आम्ही जाळीचा पडदा वापरायचो, तो आहे वर बांधलेला." त्यांनी तो सोडला. जाळीने वॉलचा अर्ध्याहून जास्त उजेड खाल्ला. त्यामुळे मला वॉल पंचवीस टक्क्यांवर चालवता आली, हरवलेल्या छटा परत आल्या, आणि आईचा चेहरा उजळला. जाळी वॉलच्या अगदी जवळ असताना जाळीचे डोळे आणि वॉलचे ठिपके एकमेकांत अडकून पाण्यावरच्या लाटांसारखे पट्टे दिसत होते. चार फूट पुढच्या बारवर, म्हणजे पडदे टांगायच्या वरच्या दांडीवर, घेतल्यावर तेही गेले. दुसऱ्या अंकात आभाळ आभाळासारखं दिसलं. प्रेक्षागृहातून कुणीतरी हलकेच 'अगं बाई' म्हणाल्याचं मी कानांनी ऐकलं.

नव्या पडद्याशी कसं वागायचं ते आम्हाला जुन्या पडद्याने सांगितलं. ते सांगणारा माणूस होता महापालिकेच्या नाट्यगृहातला.

पहिल्या प्रयोगाच्या आधी मी एका नाट्यगृहाकडे सकाळचे चार तास मागितले होते. उत्तर मिळालं की तालमीसाठी हॉल देत नाहीत, हवा असेल तर पूर्ण सत्राचं भाडं भरा आणि नाटकाची कागदपत्रं जोडा. नियम त्यांनी केलेला नव्हता, त्यामुळे माझा त्या कर्मचाऱ्यांवर राग नाही. पण त्या मंगळवारी सकाळी मी त्याच रस्त्याने गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. आत अंधार होता, खाली रंगमंच होता, वर बार होते. मला हवं होतं ते सगळं.

आपल्या भाषेत नाटक सादर करण्याला 'प्रयोग' म्हणतात आणि करून पाहण्यालाही 'प्रयोग'च म्हणतात. नाट्यगृहांच्या नियमांना मात्र पहिलाच अर्थ ठाऊक आहे.

मी ज्या गावात राहते तिथे हे काम माझ्या आधी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झालं. १८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' हा खेळ लोकांसमोर आणला. शंबर हा पुराणातला मायावी असुर, आणि खरोलिका म्हणजे दिवा. विलायतेतून आलेल्या मॅजिक लँटर्नला इतकं देखणं नाव देणारा माणूस यंत्राकडे केवळ यंत्र म्हणून पाहत नसणार. काचांवर हाताने रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग, समोर पांढरा पडदा. किंचित वेगळ्या चित्रांच्या काचा एकामागून एक झटपट टाकून, एकाहून जास्त कंदील वापरून त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी पडद्यावरची माणसं हलती केली. ल्युमिएर बंधूंचं चलच्चित्र मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवलं गेलं ते ७ जुलै १८९६ रोजी. त्याच्या चार वर्षं आधी कल्याणची माणसं पडद्यावर हालचाल पाहत होती.

मी जेव्हा जेव्हा त्या काचांचा विचार करते तेव्हा एका गोष्टीपाशी अडते. काचेवर बोटभर उंचीचा राम रंगवताना ओठाची रेघ केसभर चुकली, तर पडद्यावर ती वीतभर चुकते. ती चूक काच हातात धरून दिसत नाही. दिवा लावून, खोली अंधारी करून, पडद्यावर टाकूनच दिसते. मग काच काढायची, रंग पुसायचा, पुन्हा रंगवायचं, पुन्हा दिवा लावायचा. असं किती रात्री केलं असेल त्या घराने? त्यांच्याकडे स्वतःचा कंदील होता आणि स्वतःच्या घरातला अंधार होता. माझ्या वॉलला माझ्या घरात जागा नाही, एवढाच त्यांच्यात आणि माझ्यात फरक आहे.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणवला. त्यांनी आधी कुंडीत वाटाणा लावला. तो उगवून वाढेपर्यंत ठरावीक वेळाने त्याची चित्रं घेत राहिले आणि महिनाभराची वाढ मिनिटभरात पडद्यावर दाखवली. ते पाहून भांडवल द्यायला माणूस तयार झाला, आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. तिकडे कोल्हापुरात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे आनंदराव मेस्त्री आणि बाबूराव पेंटर देशी कॅमेरा घडवण्याच्या मागे लागले होते. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी ते काम पुढे नेलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा पुरा झाला. नाटकाचा पडदा रंगवणारा हात सिनेमाच्या पडद्यापर्यंत पोचला तो असा, मधली काही वर्षं स्वतःचा एकही सिनेमा 'सादर' न करता.

आणखी एक उदाहरण मुंबईचं आहे आणि माझ्या मागणीला सगळ्यात जवळचं आहे. १९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसींना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. ते पैसे त्यांनी एकट्याच्या चित्रांवर खर्च केले नाहीत. सोळा मिलिमीटरचा कॅमेरा आणि इतर सामग्री घेतली, नेपियन सी रोडवरच्या एका घरात 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' थाटलं आणि दार इतर कलावंतांना उघडं ठेवलं. ते १९७२ पर्यंत चाललं, म्हणजे जेमतेम तीन वर्षं. तिथे पदमसींनी शेकडो रेखाटनांतून 'सिझिजी' हा अमूर्त ॲनिमेशनपट केला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मालानींनी तिथेच कॅमेऱ्याशिवाय छायाचित्रं करून पाहिली आणि आपल्या पहिल्या फिल्म्स केल्या. पुढे याच मालानींनी फिरत्या पारदर्शक नळकांड्यांवर चित्रं रंगवून त्यांच्या सावल्यांनी दालनं भरून टाकली, आणि सत्तरी ओलांडल्यावर आयपॅडवर बोटाने चित्रं काढून त्यांची ॲनिमेशनं भिंतीभर सोडली. तीन वर्षं उघडं राहिलेलं एक दार पन्नास वर्षं पुरलं.

दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहाबद्दल आपल्याला मी सांगायला नको. सत्तरच्या दशकात तिथे 'आविष्कार' या नाट्यसंस्थेला जागा मिळाली आणि मराठी प्रायोगिक नाटकाची एक पिढी त्या सभागृहात वाढली. त्या चळवळीला लोक आजही शाळेच्या नावाने ओळखतात.

आज परिस्थिती एका बाबतीत उलटी झाली आहे. पटवर्धनांच्या काळी चित्र महाग होतं आणि अंधार फुकट. आता चित्र जवळजवळ फुकट झालं आहे. मोबाईलमध्ये चांगला कॅमेरा आहे. प्रोजेक्शन मॅपिंगची, म्हणजे भिंतीच्या किंवा वस्तूच्या आकारावर चित्र नेमकं बसवण्याची सॉफ्टवेअरं शिकायला मुलं यूट्यूबवर बसतात. संगणकाला एक वाक्य लिहून दिलं की तो पावसाळी घाटाचं दृश्य करून देतो. मुरबाडजवळच्या एका शाळेत मी दोन दिवस मुलांबरोबर होते. त्यांनी तांदळाचे दाणे एकेक सरकवत, प्रत्येक वेळी मोबाईलवर फोटो काढत, मुंग्यांची रांग चालवली. ती आम्ही चादरीवर टाकली, एका जुन्या ऑफिस प्रोजेक्टरने. मुंगी मुलांपेक्षा मोठी झाली तेव्हा एक मुलगी उठून तिच्या पायाखाली जाऊन उभी राहिली. तो क्षण कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नव्हता. चित्र, माणूस आणि जागा एकत्र आल्यावरच तो घडला. आम्हाला आज मिळत नाही ती तेवढी जागा.

जागा आपली आपण शोधणाऱ्यांनी काय केलं तेही आपण पाहिलेलं आहे. मालेगावात यंत्रमागांच्या गावातल्या हौशी मंडळींनी साधे व्हिडिओ कॅमेरे घेतले, कॅमेरा सायकलवर बसवून फिरवला, हिरव्या कापडापुढे नायकाला उडवला, आणि गावच्या व्हिडिओ पार्लरांत स्वतःचे सिनेमे लावले. मुंबईतल्या 'कॅम्प' या कलावंतांच्या स्टुडिओने कच्छच्या आखातातल्या जहाजांवरच्या खलाशांनी मोबाईलवर घेतलेल्या चित्रणातून २०१३ मध्ये अख्खा चित्रपट केला, आणि २०२२ मध्ये एका उंच इमारतीवरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यातून मुंबई टिपून ती सात पडद्यांवर मांडली. पहारा ठेवायला बनवलेलं यंत्र त्यांनी शहर समजून घ्यायला वापरलं. मला हे फार मोलाचं वाटतं. यंत्र बनवणाऱ्याने ठरवलेला उपयोग मोडून दुसरा उपयोग शोधणं हेच कलावंताचं काम आहे, आणि तो पहिल्या दिवशी सापडत नाही.

राज्याने २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स आणि एक्सआर (आभासी दृश्यांचं तंत्र) या क्षेत्रासाठी धोरण मंजूर केलं, त्याच वर्षी मेमध्ये मुंबईत दृक्‌श्राव्य आणि मनोरंजन क्षेत्राची वेव्ह्ज परिषद झाली. त्याचं मनापासून स्वागत करते. उद्योग वाढेल, मुलांना नोकऱ्या मिळतील. पण नवे स्टुडिओ आणि प्रयोगशाळा ज्या इमारतींत उभ्या राहतील तिथे काळ्या जाळीची आठवण करून देणारे ते गृहस्थ नसतील. ते आपल्या नाट्यगृहांत आहेत, आणि येत्या काही वर्षांत एकेक करून निवृत्त होत आहेत. त्यांच्या डोक्यातलं ज्ञान आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या हातातलं यंत्र एका विंगेत उभं राहील अशी जागा राज्यात फक्त आपल्याकडे आहे.

म्हणून विनंती अशी. प्रत्येक नाट्यगृहाने महिन्यातल्या निदान दोन रिकाम्या सकाळी, आठ ते एक, पडद्यावर आणि प्रकाशावर काम करणाऱ्यांसाठी राखून ठेवाव्यात. भाडं विजेपुरतं आणि एका कर्मचाऱ्याच्या मानधनापुरतं असावं. वातानुकूलन आम्हाला नको, प्रेक्षागृहातले दिवेही नकोत. जमिनीला, बारला नुकसान झालं तर भरपाईसाठी अनामत घ्या. अर्जात नाटकाचं नाव, संहिता आणि संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मागू नका, कारण शोधाच्या वेळी यातलं काहीच हातात नसतं. 'एलईडीवर अंधार कसा दाखवायचा ते पाहायचं आहे' एवढं कारण पुरेसं मानलं जावं. आणि काही सापडलं नाही तरी त्या सकाळी वाया गेल्या असं कुणी लिहू नये.

दुसरी गोष्ट मला माझ्या धंद्यामुळे माहीत आहे. लग्नसराई संपली की गणपतीपर्यंत, ऐन पावसाळ्यात, भाड्याच्या वॉल गोदामांत पडून असतात. ओलीने पॅनेलं खराब होतात, म्हणून मालक अधूनमधून ती नुसती पेटवून ठेवतात. माझ्या ओळखीचे दोन मालक मला म्हणाले आहेत की वाहतूक आणि विमा कुणी उचलला तर तेवढे आठवडे वॉल द्यायला त्यांची हरकत नाही. त्याच दिवसांत नाट्यगृहांच्या मधल्या वारच्या तारखाही मोकळ्या असतात. एकीकडे बंद यंत्रं, दुसरीकडे बंद रंगमंच, आणि मध्ये वाट पाहणारी मुलं. सांस्कृतिक कार्य विभागाने फक्त टेम्पोचा आणि विम्याचा खर्च केला तर आषाढ-श्रावणात सहा विभागांत सहा कार्यशाळा उभ्या राहतील, एकही नवं यंत्र विकत न घेता.

जपणुकीबद्दल थोडंच लिहिते, कारण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. पदमसींच्या 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' या फिल्मची एकच प्रत होती आणि ती हरवली. आमच्या कामाची तर प्रतच नसते. माझं २०१६ सालचं एक काम आजच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. त्या सकाळी जे करून पाहिलं जाईल, यशस्वी असो वा नसो, त्याची साधी नोंद नाट्यगृहाने ठेवावी: कोणतं यंत्र, किती अंतर, किती उजेड, काय दिसलं. एक वही पुरेल. पुढच्या गावच्या मुलीला बहात्तर पॅनेलं जोडून पावणेचारला रडू येणार नाही.

मला पहिली सकाळ मिळाली तर काय करणार तेही ठरलेलं आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीची चित्रं एकामागून एक समोर धरून गोष्ट सांगतात, आणि चामड्याच्या बाहुल्यांची सावली पडद्यावर टाकून रामायण उभं करतात. त्या परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचा पडदा कापडाचा, मागे दिवा, मध्ये बाहुली. माझ्या वॉलवर सावली पडत नाही, कारण दिवाही तीच आणि पडदाही तीच. पण वॉलच्या पुढे कापड ताणलं आणि वॉलवर एकच पांढरा ठिपका पेटवला, तर तो दिवा होईल का? तो ठिपका मी सरकवला तर रावणाची सावली कापडावर उलट्या दिशेला सरकत जाईल का? दोन ठिपके पेटवले तर एका बाहुलीच्या दोन सावल्या भांडतील का? गणित सांगतं की होईल, पण कडा किती धूसर येतील आणि ते पाहताना अंगावर काटा येईल की नाही, हे गणित सांगत नाही. पिंगुळीच्या एका बाहुलीवाल्याशी माझं फोनवर बोलणं झालं आहे. एसटीचा खर्च मी करते म्हटल्यावर ते म्हणाले, "तारीख कळवा, बाहुल्या घेऊन येतो."

मंगळवार चालेल, बुधवारही चालेल. वॉलची चोवीस पॅनेलं, प्रोसेसर आणि कापड मी घेऊन येते. आपण फक्त आठ वाजता दार उघडायला कुणाला तरी सांगून ठेवा.

आपली नम्र,
कल्याणची एक व्हिडिओ करणारी